सुरक्षित रस्ता आणि अनुदानाचा अर्ज



वसंत ऋतूतील व्याख्यानांना श्रोते येतात ते काही उदात्त ऐकावयास मिळेल या अपेक्षेने. संतवाङ्मय, इतिहास, राज्यघटना, अर्थकारण अशा विषयांच्या पंक्तीत ‘रस्ता सुरक्षित करण्यासाठी सरकारकडे पैसे कसे मागावेत’ हा विषय कोणाला कारकुनी वाटला तर मी त्यांना दोष देणार नाही. अर्ज, अंदाजपत्रक, आवक क्रमांक हे शब्द ऐकूनच माणसाला जांभई येते. परंतु ज्या कामात जांभई येते त्याच कामात पुष्कळदा माणसांचे जीव अडकलेले असतात, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडे आकडे सांगतो. केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६०, आणि तासाला १९. आपण येथे तासभर बसणार आहोत. त्या वर्षीच्या सरासरीने एवढ्या अवधीत एकोणीस घरांत रडारड सुरू होत होती. या मृतांत दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून शंभरांत सुमारे ६४ होते. महामार्गांची चर्चा आपण पुष्कळ ऐकतो. पण राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग वगळून उरलेल्या रस्त्यांवर, म्हणजे आपल्या गावच्या, पेठेच्या आणि शाळेच्या रस्त्यांवर, त्या एका वर्षात ६६,४४१ माणसे गेली. एकूण मृतांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश ग्रामीण भागातील होते. तेव्हा हा प्रश्न दूरच्या द्रुतगती मार्गाचा नाही, आपल्या एस. टी. थांब्याचा आहे.

आता कोणी म्हणेल, ‘हे खरे, पण रस्ता नीट करणे हे सरकारचे काम. आम्ही अर्ज कशाला करावा?’ या शंकेचे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

१९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि ज्यांच्या नावाचे ग्रंथालय त्या विद्यापीठात आहे. समितीने १९२८ साली अहवाल दिला. त्यातील मुख्य विचार असा होता, की रस्त्यांचा विकास ही राष्ट्रीय हिताची बाब असून ती प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या आर्थिक ताकदीबाहेर गेली आहे. म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा वेगळा निधी करावा आणि तो रस्त्यांसाठी वाटावा. त्याप्रमाणे १९२९ साली दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. याच समितीच्या शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. २००० साली या निधीला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की अनुदान म्हणजे भीक नव्हे. मोटारसायकलीत पेट्रोल भरणारा शेतकरी, ज्वारीचे पोते टेम्पोने बाजारात पाठविणारी बाई, एस. टी.चे तिकीट काढणारा विद्यार्थी, ही सारी माणसे या पैशाची मूळ मालक आहेत. आपल्याकडे अर्ज लिहावयास बसले की ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ अशी सुरुवात होते आणि ‘कृपा करून’ हे शब्द चार वेळा येतात. नम्रता असावी, तिला माझी हरकत नाही. पण नम्रतेने माहितीची जागा घेऊ नये. ज्याला आपला हक्क ठाऊक असतो त्याच्या अर्जात विनवणी थोडी असते आणि माहिती पुष्कळ असते.

हक्क आहे म्हणून पैसा आपोआप येत नाही, ही दुसरी बाजू. निधी एक आणि मागणारे हजार. त्यांतून निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कागद असतो, आपले गाव नसते. गावाचे सारे दुःख त्या कागदावर उतरले नाही तर त्याच्या लेखी ते नाहीच. म्हणून अर्ज लिहिणे हे काम मी कारकुनी मानीत नाही.

आता दार कोणते ठोठवावयाचे ते पाहू. आपले पुष्कळसे अर्ज येथेच फुकट जातात. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि अर्ज ग्रामपंचायतीकडे. रस्ता जिल्हा परिषदेचा आणि निवेदन तहसीलदारांना! १९४३ साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने जी योजना आखली तिच्यातून रस्त्यांची आजची वर्गवारी आली आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, अशा या पाच पायऱ्या. महाराष्ट्रात राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका. अर्जाच्या पहिल्या ओळीत रस्त्याचा वर्ग, क्रमांक आणि किलोमीटर लिहिला, की अर्ध्या टोलवाटोलवीला आळा बसतो.

पैसा कोणत्या थैलीत असतो? एक थैली जिल्हा वार्षिक योजनेची. तिचा निर्णय जिल्हा नियोजन समितीत होतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सचिव असतात. दुसरी खासदारांच्या स्थानिक विकास निधीची. ही योजना १९९३ साली सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये अशी तिची मर्यादा झाली. खासदार कामाची शिफारस करतात, मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करते. आमदारांचाही असाच निधी असतो. तिसरी थैली ग्रामपंचायतीची स्वतःची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंचायतींना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिले होते आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरावयास मोकळे ठेवले होते. या मोकळ्या पैशातून शाळेच्या रस्त्यावर दिवे लावता येत होते. किती ग्रामसभांत तशी सूचना आली, याचा आपण आपल्या मनाशी विचार करावा.

चौथी गोष्ट आहे रस्ता सुरक्षेच्या स्वतंत्र व्यवस्थेची. कोईमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसेकरन यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर ३० नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने राज्यांना सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी, राज्याचा रस्ता सुरक्षा निधी असावा आणि वाहतुकीच्या दंडातील काही भाग त्यात जावा, रस्त्यांची सुरक्षा तपासणी व्हावी, असे त्यात आहे. मोडलेली हाडे जोडणाऱ्या एका डॉक्टराला, हाडे मोडूच नयेत म्हणून न्यायालयात जावेसे वाटले, आणि देशाला एक व्यवस्था मिळाली. तोही एक अर्जच होता, हे आपण ध्यानात घ्यावे.

येथवर सारे सरळ आहे. आता अडचणीची जागा येते. अपघातप्रवण स्थळ कशाला म्हणावे याची केंद्रीय मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी एक व्याख्या केली आहे. सुमारे ५०० मीटर लांबीच्या टप्प्यात, गेल्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील, किंवा दहा माणसे मेली असतील, तर ते अपघातप्रवण स्थळ. ही व्याख्या अभियंत्याच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. पैसा थोडा, तेव्हा जेथे मृत्यू अधिक तेथे आधी खर्च करावा, हा तिच्यामागील हिशेब. परंतु गावकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ फार कठोर होतो. अर्जाला पात्रता यावी म्हणून आधी माणसे मरावी लागतात! नऊ मेली आणि मोठे अपघात चारच झाले, तर कागदोपत्री ती जागा बरी ठरते.

याहून वाईट म्हणजे जी माणसे मेली त्यांचीही नोंद पुरी नसते. सायकलवरचा मजूर रात्री उडविला जातो, वाहन पळून जाते, जखमीला शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयात नेतात आणि तो तेथे मरतो. त्या मृत्यूचा आपल्या वळणाशी असलेला संबंध कागदावर सहज तुटतो. लहान अपघात तर आपसांत मिटविले जातात. म्हणजे ज्या गावाला लिहिणारा माणूस नाही, त्या गावाचे अपघातही घडले नाहीत असे धरले जाते.

यावर उपाय काय? गावाने स्वतःची वही ठेवणे, हा पहिला उपाय. मी हे एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण कल्पित आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांना ते ओळखीचे वाटेल. समजा, एका राज्य महामार्गाच्या एका अंगाला गाव आहे आणि दुसऱ्या अंगाला माध्यमिक शाळा. रस्ता पूर्वी अरुंद व खड्ड्यांचा होता तेव्हा गाड्या आपोआप हळू चालत. मग रुंदीकरण झाले, डांबर गुळगुळीत झाले, आणि गाड्या धावू लागल्या. दोन वर्षांत एक मुलगी आणि एक म्हातारा दगावला. गाव संतापले, रास्ता रोको झाला, निवेदन दिले गेले: ‘तरी साहेबांनी ताबडतोब गतिरोधक बसवावा.’ उत्तर आले: ‘राज्य महामार्गावर गतिरोधक बसविणे नियमात बसत नाही.’ विषय संपला. पुढे कोणीतरी रात्री मुरूम व सिमेंट टाकून उंचवटा केला, आणि पहिल्याच पावसात त्यावरून एक मोटारसायकलस्वार पडला.

येथे चूक कोठे झाली? गावाने दुखणे सांगितले नाही, औषध मागितले. आणि औषधही चुकीचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांत गतिरोधकाचेही माप आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्याचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे दिसणारे उंचवटे हे हाताच्या रुंदीचे आणि गुडघाभर उंचीचे असतात; त्यांनी मणका मोडतो, वेग मोडत नाही. योग्य काय ते अभियंत्याने ठरवावे. आपण त्याला दुखणे इतके स्पष्ट दाखवावे की त्याला उत्तर दिल्यावाचून गत्यंतर राहू नये.

म्हणून त्या गावाने काय करावयास हवे होते ते पाहा. रस्त्याच्या कडेला, डांबरापासून चांगले दूर, ५० मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. शिक्षकांनी घड्याळ घेऊन उभे राहावे आणि गाडीला एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते लिहावे. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. तीन लागले तर ६०. दोन लागले तर ९०. यासाठी यंत्र लागत नाही, अनुदानही लागत नाही. शाळा भरताना व सुटताना अशा शंभर गाड्यांची नोंद करावी. त्याच वेळी किती मुले रस्ता ओलांडतात ते मोजावे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर येईपर्यंत ती बरेच अंतर तोडून गेलेली असते, हे त्या नोंदीखाली लिहावे. वेग दुप्पट झाला की धक्क्याची शक्ती चौपट होते, हे तर शाळेच्या पुस्तकातच आहे.

मग पोलीस ठाण्यातून त्या किलोमीटरमधील तीन वर्षांच्या अपघातांची माहिती घ्यावी. सरळ मिळाली नाही तर २००५ सालचा माहितीचा अधिकार आहेच. ग्रामीण रुग्णालयातील नोंदी, जुन्या माणसांच्या आठवणी आणि मिटविलेल्या अपघातांची टिपणे वेगळ्या रकान्यात लिहावीत. पोलिसांची नोंद आणि गावाची नोंद यांची सरमिसळ करू नये. एक आकडा फुगविलेला सापडला की उरलेले खरे आकडेही खोटे ठरतात. हातानेच एक नकाशा काढावा: शाळा कोठे, एस. टी. थांबा कोठे, झाडीने झाकलेले वळण कोठे, दिवा कोठे नाही.

एवढी सामग्री हाती आली म्हणजे अर्ज दोन पानांत मावतो. त्यात सहा गोष्टी असाव्यात. रस्ता कोणाचा व कितवा किलोमीटर, ही पहिली. तेथे काय घडते व किती, ही दुसरी. ते कशामुळे घडते असे दिसते, ही तिसरी. कोणत्या प्रकारच्या उपायांचा विचार व्हावा, ही चौथी: आधीपासून दिसणारे फलक, ठळक रंगविलेले ओलांडपट्टे, रस्ता डोळ्यांना अरुंद भासविणाऱ्या पट्ट्या, पदपथ, दिवे, थांबा हलविणे, आणि त्यांतून निवड होण्यासाठी अभियंत्याने स्थळपाहणी करावी ही विनंती. गाव काय देईल, ही पाचवी: जागा, झाडीची छाटणी, अतिक्रमण काढण्याची हमी, दिव्याचे वीजबिल. आणि काम झाल्यावर उपयोग झाला की नाही हे कसे मोजणार, ही सहावी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. त्याच शंभर गाड्या वर्षाने पुन्हा मोजून कळवू, असे ज्या अर्जात लिहिलेले असेल तो अर्ज बाजूला ठेवणे अधिकाऱ्याला जड जाते. कारण असा अर्ज त्याच्याकडे क्वचितच येतो.

पाचव्या मुद्द्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. आपल्याकडे काम होते, उद्घाटन होते, आणि दोन पावसाळ्यांत रंग उडतो. पांढरे पट्टे पुसट झाले की पायी चालणाऱ्याला वाटते येथे आपल्याला वाट आहे आणि चालकाला वाटते येथे काही नाही. ही स्थिती पट्टे नसण्यापेक्षाही धोक्याची. म्हणून देखभाल कोण करणार आणि कोणत्या पैशाने, हे अर्जातच विचारावे.

वेळेचेही भान हवे. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. पुढील वर्षाचा जिल्ह्याचा आराखडा त्याआधीच्या हिवाळ्यात आकार घेतो. मेमध्ये अपघात झाला, जूनमध्ये संताप झाला आणि जुलैत निवेदन गेले, तर त्या वर्षीचा पैसा बहुधा वाटून झालेला असतो. संतापाला ऋतू नसतो, अंदाजपत्रकाला असतो. पावसाळ्यात मोजणी, दसऱ्यापर्यंत ठराव, दिवाळीनंतर अर्ज आणि अंदाजपत्रकासाठी शाखा अभियंत्याकडे पाठपुरावा, असा क्रम धरावा. पुढे तांत्रिक मान्यता व प्रशासकीय मान्यता या दोन पायऱ्या असतात. कागद कोणत्या पायरीवर आहे हे दर महिन्याला विचारावे, आणि प्रत्येक पत्राची पोच घ्यावी.

‘चालकच बेफाम आहेत, रस्ता सुधारून काय होणार?’ असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. माणूस चुकतो हे खरे. पण १९९७ साली स्वीडनच्या संसदेने एक धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच असे धरून रस्ता असा बांधावा, की त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, असा त्याचा आशय. आपल्या कायद्यानेही २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १९८ अ घातले आणि रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधितांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जबाबदारी एकट्या चालकाची नाही, ही गोष्ट कायद्याने मान्य केली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. तेथे अपघातांची कारणे एकेक करून तपासली गेली, कठडे व फलक यांची कामे झाली, गस्त वाढली, आणि २०१९ साली तो आकडा शंभराच्या आत आला. तेच चालक, त्याच गाड्या. फरक झाला तो रस्त्यात आणि देखरेखीत. हा फरक टिकविण्यासाठी मात्र सतत जागे राहावे लागते.

शेवटी मला जी गोष्ट सर्वांत अधिक टोचते ती सांगतो. अर्जावर अनुदान मिळण्याच्या पद्धतीत एक अन्याय आहे. ज्या गावात निवृत्त अभियंता आहे, वकील आहे, वर्तमानपत्राचा बातमीदार आहे, त्या गावाचा अर्ज चांगला होतो. वीटभट्टीजवळची वस्ती, ऊसतोडणी कामगारांचा तळ, हमरस्त्याला लागून असलेला पाडा, यांचा अर्जच होत नाही. आणि पायी चालणारे तर तेथेच अधिक. उत्तम लिहिणाऱ्याला पैसा आणि अधिक मरणाऱ्याला उपेक्षा, असा हा व्यवहार होऊन बसतो. राज्यकर्त्यांनी मागणीची वाट न पाहता स्वतःहून मोजणी करून निधी द्यावा, हे खरेच, आणि तसा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण तोवर त्या वस्तीवरच्या मुलांनी थांबावे काय?

या सभेत शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला लिहिता येते, मोजता येते आणि कचेरीत जाऊन बसण्याइतका वेळ काढता येतो. मी आपल्याकडे वर्गणी मागत नाही. आपल्या गावाचा अर्ज आपण कराच. पण त्याबरोबर, ज्यांना अर्ज करता येत नाही अशा एका वस्तीचा अर्ज आपल्या हाताने लिहून द्या, त्यांच्या सह्या व अंगठे घ्या, आणि मंजुरी येईपर्यंत त्यांच्याबरोबर खेटे घाला. उन्हाळ्याची सुट्टी आता लागेलच. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एकेका शाळेपुढचा रस्ता जरी आपण पाहून, नकाशावर उतरवून ठेवला, आणि शाळा भरताच मोजणीला उभे राहिलो, तरी पुढच्या वसंतापर्यंत काही ठिकाणी काम सुरू झालेले दिसेल.